उजनीचं पाणी आणि काचेची बाटली

मंडळी, सोलापूरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी उजनीचं, आणि उजनीत काय काय येतं हे इथे कुणाला सांगायला नको. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून धरणात. सांडपाणी म्हटलं की त्यात माणसांच्या शरीरातून बाहेर पडलेली संप्रेरकं (हार्मोन्स) आली, गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) आलं, काही धुलाईद्रव्यांतून सुटणारं नोनिलफेनॉल आलं, प्लॅस्टिकमधलं बिस्फेनॉल-ए आलं; ही शेवटची दोन शरीरात इस्ट्रोजेनसारखी वागतात. पाणी उकळलं की जंतू मरतात. ही द्रव्यं तशीच राहतात.

पण पाण्यात ती अगदी सूक्ष्म प्रमाणात असतात, इतकंसं असून काय होतं? कॅनडात ऑन्टारियोमध्ये प्रयोगांसाठी राखलेली तळी आहेत. त्यांतल्या २६० क्रमांकाच्या तळ्यात २००१ पासून सलग तीन उन्हाळे गोळीतलं इस्ट्रोजेन मुद्दाम सोडलं. लिटरला ५-६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे ५-६ अब्जांश. आपल्या धरणाच्या भाषेत सांगायचं तर एक टीएमसी पाण्यात साधारण दीडशे ग्रॅम, वाटीभर साखर! फॅटहेड मिनो जातीच्या नर माशांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार व्हायला लागलं, आणि ती जात त्या तळ्यातून जवळजवळ संपली. मासा चोवीस तास पाण्यातच असतो, त्यामुळे त्याचं ते माणसाचं असं मी म्हणणार नाही. पण धरणातले मासे आपल्या आधी ते पाणी पितात, एवढं नक्की.

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात डीडीटी, अॅट्राझीनसारख्या कीडनाशकांना मर्यादा आहेत. इस्ट्राडायोलला, म्हणजे शरीरातल्या मुख्य नैसर्गिक इस्ट्रोजेनला, नाही. युरोपीय संघानं २०२२ मध्ये इस्ट्राडायोल आणि नोनिलफेनॉल पिण्याच्या पाण्याच्या निरीक्षण-यादीत घातले. इस्ट्राडायोलसाठी मार्गदर्शक आकडा लिटरला १ नॅनोग्रॅम. मला वाटतं, आपण निदान मोजायला तरी लागावं.

मोजणं यंत्राच्या आधी बाटलीपाशी अडतं. प्लॅस्टिकची बाटली नको, तपकिरी काचेचीच. ती साबणानं धुवायची नाही, नाहीतर जे शोधायचं तेच आपण आत घालू. नमुना घेणाऱ्यानं त्या दिवशी अत्तर, सनस्क्रीन लावू नये. नळाचा नमुना असेल तर क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट घालायचं. बाटली लगेच बर्फात. आणि एक कोरी बाटली: प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी धरणावर न्यायचं, तिथे झाकण उघडून दुसऱ्या बाटलीत ओतायचं, परत आणायचं. एकदा आमच्या कोऱ्या बाटलीतच बिस्फेनॉल निघालं. शोधत गेलो तर कुणीतरी प्लॅस्टिकचं नरसाळं वापरलेलं. त्या दिवसाचे सगळे नमुने टाकून दिले, आणि ते बरोबरच केलं.

तेव्हा तुमच्या भागात कुणी अशी तपासणी करून अहवाल दाखवला, तर आधी कोऱ्या बाटलीचा आकडा मागा. नमुना कुठला, धरणातला की शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेला, तेही विचारा. आणि महिना विचारा. मे महिन्यात धरण तळाला गेलेलं असताना येणारा आकडा आणि ऑगस्टच्या भरल्या धरणाचा आकडा शेजारी ठेवून बघा.