काच कुठे संपवायची?

(दादरमधील एका ग्रंथालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, एवढ्या पावसात तुम्ही आलात, म्हणजे घरचं इंटरनेट नक्कीच बंद असणार. (हशा)

‘फायबर चांगलं की वायरलेस?’ हे मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. मला हा प्रश्नच पटत नाही. दोन्ही लागतातच. फायबर म्हणजे काचेचा तंतू, म्हणून मी त्याला काचच म्हणतो. ठरवायचं एवढंच, की काच कुठे संपवायची आणि पुढचं काम हवेवर कुठे सोपवायचं.

आधी काच. शुद्ध काचेतून प्रकाश लांबवर नेता येईल, हे चार्ल्स काओंनी १९६६ साली मांडलं. त्यासाठी २००९ साली नोबेल मिळालं. आज घरोघरी येणाऱ्या जीपॉन या फायबरच्या पद्धतीमध्ये एका तंतूवरून सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट उतरतात आणि ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. वाटणारा तो स्प्लिटर. छोटीशी डबी, तिला वीजही लागत नाही. गंमत अशी, की २० किलोमीटर काचेतून गेल्यावरही साधारण तिसरा हिस्सा प्रकाश उरतो. पण ३२ घरांच्या या डबीतून एकेकाच्या वाट्याला बत्तिसाव्या हिश्श्याहूनही कमी येतो. अंतराचा खर्च कमी, वाटपाचा जास्त. एकत्र कुटुंबासारखंच.

मग मुंबईभर काचच का नाही? कारण शेवटचे शंभर मीटर. पावसाळ्यात रस्ता खणू देत नाहीत, डक्टमध्ये, म्हणजे केबलच्या जमिनीखालच्या नळीत, पाणी आणि घुशी, चाळीच्या लाकडी जिन्यात खिळा मारायचा तरी चार घरांची परवानगी. एका सोसायटीत सेक्रेटरींच्या सहीसाठी मी सात महिने हेलपाटे घातले. केबल टाकायची होती साठ मीटर!

अशा ठिकाणी गच्चीवरून गच्चीवर रेडिओ टाकतात, म्हणजे हवेतून लहरींवर डेटा पाठवणारी यंत्रं. ७१ ते ७६ आणि ८१ ते ८६ गिगाहर्ट्‌झ, लहरींच्या या पट्ट्याला ई-बँड म्हणतात. पट्टा एवढा रुंद, की काही गिगाबिट आरामात जातात. जवळपास इतक्याच आखूड लहरींवर जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकातच प्रयोग केले होते, हे आपण विसरतो.

आता बाहेरच्या पावसाकडे बघा. ८० गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी पावणेचार मिलिमीटर. पावसाचा टपोरा थेंबही जवळपास तेवढाच. म्हणून थेंब लहरीला अडवतो, विखुरतो. तासाला १०० मिलिमीटरच्या दराने कोसळत असेल, तर एका किलोमीटरवर सुमारे ३० डेसिबल (सिग्नलची घट मोजायचं माप) जातात, म्हणजे हजारातला एक हिस्सा उरतो. अंतर ३०० मीटर केलं की नुकसान ९ डेसिबल. आठवा हिस्सा उरतो, आणि त्यावर भागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. अशा शहरात किलोमीटरभराची ई-बँड लिंक कोरड्या दिवसाच्या हिशोबाने टाकणाऱ्याला मी इंजिनीअर म्हणणार नाही. लांब जायचं तर ७ गिगाहर्ट्‌झ घ्या, तिथे पावसाची फारशी मात्रा चालत नाही. पण पट्टा अरुंद, वेग बेताचा. त्यापेक्षा काच शक्य तेवढी पुढे न्या आणि हवेतली उडी आखूड ठेवा.

गिरगावात आम्ही तेच केलं. रस्त्याकडेच्या इमारतीच्या गच्चीपर्यंत काच, तिथून गल्ल्या ओलांडून चाळीच्या गच्चीवर २८० मीटर रेडिओ, पुढे जिन्यातून साधी केबल. जुलैतल्या एका रात्री मी लॅपटॉप मांडीवर घेऊन आकडे बघत बसलो होतो. कोरड्यात सिग्नल डेसिबलच्या मापात उणे ३८ असायचा (उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण), तो ४२, ४५ करत उणे ४७ पर्यंत घसरला. रेडिओने आपणहून मॉड्युलेशन उतरवलं, म्हणजे लहरीवर एका वेळी कमी माहिती चढवली, वेग निम्म्यावर आला, पण लिंक टिकली. मी खूश!

साडेअकराला सगळं ठप्प. सिग्नल घसरला नाही, आकडेच गायब झाले. रेनकोट चढवून चाळीत गेलो. वॉचमनकाका पंपाच्या खोलीत बादली लावत होते. ‘साहेब, बोर्डावर पाणी गळत होतं, मेन स्विच पाडला.’ बरोबरच केलं त्यांनी. गच्चीवरचा रेडिओ त्याच बोर्डावर होता. डबीला वीज लागत नाही, रेडिओला लागते. पावसाचा हिशोब मांडताना हे माझ्याच डोक्यातून निसटलं होतं. दुसऱ्या दिवशी रेडिओसाठी वेगळी लाइन ओढली, आणि बॅटरी पहिल्या मजल्यावर, काकांच्या खुर्चीमागे ठेवली.