४२ चिठ्ठ्या आणि वर्षभराचं धान्य

काचेच्या मोठ्या गोळ्यात गावातल्या पोरांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्यात, आणि त्यात गेल नावाच्या १८ वर्षांच्या एका पोराच्या चिठ्ठ्या आहेत ४२. एवढ्या का, ते आधी बघू, कारण सुझान कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स' या कादंबरीत मला सगळ्यात भयंकर वाटतो तो हाच हिशोब, रिंगणातली कापाकापी त्याच्या नंतर येते.

कादंबरी आली २००८ मध्ये. आजचा उत्तर अमेरिका खंड उद्ध्वस्त झालाय आणि त्या जागी पॅनेम नावाचा देश उभा राहिलाय, एक श्रीमंत राजधानी, कॅपिटॉल, आणि तिला पोसणारे १२ डिस्ट्रिक्ट. या डिस्ट्रिक्टनी पूर्वी बंड केलं होतं, ते हरले, आणि त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टने चिठ्ठी काढून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी द्यायची, अशी २४ पोरं एका रिंगणात सोडायची, एक उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं, आणि हे सगळं टीव्हीवर लाइव्ह, घराघरात, बघितलंच पाहिजे अशी सक्ती.

आता हिशोब. बाराव्या वर्षी तुमची १ चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी २, असं करत अठराव्या वर्षी ७. इथपर्यंत गरीब-श्रीमंत सगळे सारखे. पण घरात खायला नसेल तर सरकार म्हणतं, एक जास्तीची चिठ्ठी टाक आणि एका माणसाचं वर्षभराचं धान्य-तेल घेऊन जा, त्याला तिथे टेसेरा म्हणतात, आणि ते धान्य तरी कसलं, जेमतेम जीव राहील एवढंच. आपल्याकडे रेशन कार्डावर माणसं मोजून धान्य देतात ना, तशी तिथेही माणसं मोजतात, फक्त किंमत पोराच्या जिवाची. आणि चिठ्ठ्या वर्षाअखेरीस फाडून टाकत नाहीत, त्या साठत जातात. गेलच्या घरात पाच माणसं, सात वर्षं तो पाचही जणांचं धान्य उचलतोय, म्हणजे ३५, अधिक त्याच्या स्वतःच्या ७, झाल्या ४२. नायिका कॅटनिस १६ वर्षांची, घरात आई, धाकटी बहीण प्रिम आणि ती, तिच्या २०.

दुकानदारांच्या पोरांना हे करावं लागत नाही. मग खाणीतल्या मजुरांच्या पोरांना दुकानदारांच्या पोरांचा राग, आणि कॅटनिसचा मित्र असलेला गेल जंगलात तिला ओरडून सांगतो की सरकारला नेमकं हेच हवंय, आपण आपसात भांडत राहिलो की झालं.

डिस्ट्रिक्ट १२ म्हणजे कोळशाच्या खाणी. कॅटनिस ११ वर्षांची असताना तिचे वडील खाणीतल्या स्फोटात गेले, आई खचून गप्प झाली ती उठेचना, आणि घरात उपासमार सुरू झाली. तिथे माणसं भुकेने मरतात हे सगळ्यांना दिसतं, पण सरकारी कागदावर भूकबळी कधीच नसतो, कारण लिहायचं ते फ्लू, थंडी, नाहीतर न्यूमोनिया. ही एक ओळ कॉलिन्सने जाता जाता टाकलीय, पण मी तिथे थांबलो, पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ, कारण भूक लपवणारं सरकार कसं चालतं ते सगळं तिच्यात आलंय.

याच दिवसांत, पावसात, ही पोरगी बेकरीमागच्या कचऱ्याच्या डब्यात काही मिळतंय का बघत असते, बेकरीवाली बाई तिला हाकलते, आणि तिचा मुलगा पीटा मुद्दाम दोन पाव करपवतो, आईचा मार खातो, आणि ते पाव डुकरांना टाकायच्या निमित्ताने हिच्याकडे फेकतो. पाव गरम आहेत, शर्टाखाली धरले तर चटका बसतोय, पण ती सोडत नाही. पुढे हाच पीटा तिच्यासोबत रिंगणात जातो.

आणि निवडीच्या दिवशी चिठ्ठी निघते कुणाची, तर प्रिमची, जिची फक्त १ चिठ्ठी होती, कारण कॅटनिसने तिला टेसेरा घेऊच दिला नव्हता. कॅटनिस पुढे होते, तिच्या जागी मी जाते म्हणते. गर्दीला टाळ्या वाजवायला सांगतात, कुणीही वाजवत नाही. सगळे डाव्या हाताची मधली तीन बोटं ओठांना लावतात आणि हात तिच्याकडे उंच करतात. ही त्या गावाची जुनी खूण, अंत्ययात्रेत कधीकधी करायचे, प्रेमाच्या माणसाला निरोप म्हणून.

रिंगणात तर भुकेचा उघड बाजार होतो, बाहेरचे लोक पैसे भरून आवडत्या पोरांना आत वस्तू पाठवू शकतात. पीटाला तिने किस केलं की वरून गरम सूप येतं, आणि तिला कळतं की एका किसचा दर एक भांडं सूप, प्रेक्षकांना लव्हस्टोरी हवीय. छोटी रू, १२ वर्षांची, शेती करणाऱ्या डिस्ट्रिक्ट ११ ची, तिच्याकडून कळतं की जे धान्य पिकवतात त्यांना ते खायला बंदी, खाल्लं तर फटके. रू मरते तेव्हा कॅटनिस तिला फुलांनी सजवते, आणि त्या उपाशी डिस्ट्रिक्टकडून कॅटनिसला पाव येतो. दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या पोरीला!

कॉलिन्सने सांगितलंय की ती रात्री टीव्हीचे चॅनल बदलत होती, एकीकडे रिॲलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाच्या बातम्या, दोन्ही डोक्यात मिसळलं आणि ही गोष्ट सुचली. तिचे वडील हवाई दलात होते, व्हिएतनामला जाऊन आलेले, त्यामुळे युद्ध तिच्या घरातच होतं.

पण ती तीन बोटं पुस्तकात राहिली नाहीत. मे २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली, पाच किंवा जास्त माणसांच्या राजकीय जमावावर बंदी आली, आणि लोक रस्त्यावर गुपचूप तीन बोटं वर करून उभे राहायला लागले, या कादंबरीवरच्या सिनेमातून घेतलेली. नोव्हेंबरमध्ये तिथल्या खोन केन शहरात पाच विद्यार्थी पंतप्रधान प्रयुत चान-ओचा यांच्या भाषणात थेट समोर जाऊन उभे राहिले, तीन बोटं वर, त्यांना ताब्यात घेतलं. २०२० च्या आंदोलनात तर शाळकरी पोरांनीही हात वर केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कर आलं, तिथे डॉक्टर-नर्सेसनी संप करताना हीच खूण केली, आणि २६ तारखेला त्यांचे राजदूत चॉ मो तुन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत भाषण संपवताना, सगळ्या जगासमोर, तीन बोटं वर केली, दुसऱ्याच दिवशी लष्कराने त्यांना काढून टाकल्याचं जाहीर केलं.

हे टीनएजर्सचं पुस्तक म्हणून बाजूला ठेवणारे खूप भेटतात, मला ते अजिबात पटत नाही. सिनेमा पाहिला असेल तरी पुस्तक वाचा, कारण पुस्तकात सगळं कॅटनिसच्या तोंडून येतं, कॅमेऱ्यासमोर हसताना ती आतून काय मोजतेय ते तिथेच कळतं. पहिल्या भागापासून सुरू करा, आणि दुसऱ्या भागात कॅपिटॉलच्या पार्टीत अजून खाता यावं म्हणून उलटी करायचं पेय पितात तो प्रसंग येईल, तो घाईत वाचू नका.