एक घर, चार भावंडं, चार आठवणी

(अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

भावंडं एका घरात वाढतात, पण प्रत्येकाच्या लक्षात राहिलेलं घर निराळं असतं. थोरल्याला कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारं दूध आठवतं, शेंडेफळाला गोकुळ दुधाची पिशवी. थोरलीला शिवाजी पेठेतल्या वाड्याचा सामाईक नळ आणि त्यावरची भांडणं आठवतात. धाकटीला कळायला लागेपर्यंत बिऱ्हाड राजारामपुरीत गेलेलं असतं. थोरल्याने ज्यांचा मार खाल्ला ते वडील आणि धाकट्याला सायकलच्या दांडीवर बसवून रंकाळ्याला नेणारे वडील एकच, हे सांगूनही पटत नाही.

म्हणून घराच्या आठवणी जपायचं काम एकाने केलं, की त्या एकाच्याच होऊन बसतात. आणि बहुतेक घरांत ते एकाच्याच गळ्यात पडतं, जो किंवा जी कोल्हापुरात राहिली तिच्या. इकडचे आपण ग्रुपवर अंगठा दाखवून मोकळे. हे काम वाटून कसं घ्यायचं आणि ते नेमकं कुठे बिघडतं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

आधी फोटो. फोटो खराब होण्याच्या कितीतरी आधी त्यातली माणसं अनोळखी होतात. मागे लिहिलेलं असतं : ‘दादा, आक्का आणि बाळ, जोतिबा’. कुणाचा दादा? एका घरात तीन पिढ्यांचे तीन दादा असतात. बाळ आज सत्तरीचा असतो. लग्नात नाव बदललेल्या आत्याचं माहेरचं नाव तर पुढच्या पिढीला ठाऊकच नसतं. तेव्हा नोंद करताना चार गोष्टी हव्यातच : कागदोपत्री असलेलं पूर्ण नाव, घरातलं हाकेचं नाव, बाईचं माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं, आणि नातं सांगताना ‘कुणाची कोण’. नुसतं ‘काकी’ लिहिलं तर त्याचा वीस वर्षांनी काही उपयोग नाही.

साल आठवत नसेल तर ‘कधीचा गं हा?’ असं विचारू नका, उत्तर ‘लई जुना’ असं येतं. ‘थोरलीच्या लग्नाआधीचा का नंतरचा? घरात टीव्ही आला होता का? 2005 च्या महापुराच्या अलीकडचा का पलीकडचा?’ असं विचारा. फोटो मोठा करून मागची भिंत बघा, कॅलेंडर दिसलं तर महिना हाती लागतो. फोटोवर प्रत्येक भावंडाने आपलं मत वेगळं लिहावं आणि न पटणारी मतं पुसू नयेत. ‘ताईच्या मते खासबाग, अण्णाच्या मते दसरा चौक’ अशी नोंद एकमताच्या नोंदीपेक्षा आम्हाला जास्त मोलाची वाटते. पाठीवर लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई वरच्या फोटोला लागते. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे पाकिटावर लिहा.

ऐंशी-नव्वदच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम घरोघरी आहेत, वर प्लॅस्टिकची झिल्ली असलेले. त्यातला गोंद पिवळा पडून घट्ट होतो. कोपरा धरून ओढलात तर फोटो वाकतो, कधी मधोमध चिरतो. दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरीही निघत नसेल तर हट्ट नको, झिल्ली उचलून पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटोही सोडवायला जाऊ नका, काचेवरूनच प्रत घ्या.

चार बाय सहा इंची फोटो 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला की 2400 गुणिले 3600 ठिपक्यांची प्रत मिळते, ती मोठी छपाई करायलाही पुरते. पासपोर्ट आकाराचा असेल तर 1200 घ्या. सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो तांबूस दिसतात, कारण त्यातला निळसर रंग सगळ्यात आधी उडतो. मूळ प्रत तशीच ठेवा, रंगांची दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करा.

पुराचं पाणी घरात शिरणाऱ्या भागात पेटी खालच्या मजल्यावर नको. माळ्यावरही नको, तिथे पावसाळाभर बुरशी धरते. आतल्या भिंतीचं कपाट बरं. फोटो भिजलेच तर एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात सुटे करा, चेहरा वर ठेवून सावलीत पसरा. दोन दिवसांत तेवढं होण्यासारखं नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, मग सवडीने करा.

आता वाटपाचं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो आणि काढल्याची तारीखही गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सगळं एकाच भावंडाच्या गुगल खात्यात ठेवणं तर धोक्याचंच. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल पुसून टाकू शकतं, आणि खातं ज्याचं तो माणूस गेला तर पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. तीन प्रती करा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. भावंडं दोन देशांत आहेत याचा निदान इथे तरी फायदा होतो.

लग्नाची व्हीएचएस कॅसेट इकडे आणून बघू म्हणाल तर जरा थांबा. भारतातली कॅसेट पाल पद्धतीची, अमेरिकेतले व्हीसीआर एनटीएससीचे, चित्र नीट उमटणार नाही. तिकडेच कॉपी करून घ्यावी. रिळावर पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ती कॅसेट घरच्या यंत्रात घालू नका, टेप आणि यंत्र दोन्ही जातील.

थोरल्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं तर फोन एअरप्लेन मोडवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, पंखा बंद. अर्धा-पाऊण तास पुरे, त्यापुढे माणूस दमतो आणि ‘हो हो’ करायला लागतो. शक्यतो दोन भावंडांना एकत्र बसवा, आई आणि मावशी, किंवा वडील आणि आत्या. भाऊबीजेला आत्या घरात असतेच. एकाने सांगितलेलं दुसरा खोडतो, त्या खोडाखोडीत बाहेर येणारं एकट्याच्या तोंडून कधी येत नाही. तुम्ही मात्र मध्ये दुरुस्ती करायची नाही. आणि ‘जुन्या आठवणी सांगा’ ही फर्माईशही नको. गौरी आल्या त्या संध्याकाळच्या भाजी-भाकरीत भाजी कोणती होती, बेंदराचे मातीचे बैल कुठून आणायचे, असं विचारा.

कांदा-लसूण चटणीचंही तसंच. आईला प्रमाण विचारलं तर ‘अंदाजानं’ म्हणते. मग उन्हाळ्यात ती करताना एका भावंडाने तिथे वजनकाटा घेऊन उभं राहायचं. घालण्याआधी डबा तोलायचा, घातल्यावर पुन्हा तोलायचा, फरक लिहायचा. तिचा हात थांबवायचा नाही. साधारण एक किलो मिरचीला, म्हणजे निम्मी ब्याडगी रंगाला आणि निम्मी संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला, अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धणे, शंभर ग्रॅम तीळ आणि पाव किलोच्या आसपास मीठ असं प्रमाण निघतं. पण तुमच्या घराचं ते तुमच्या घराचं. चटणी बिघडते ती कांद्याने. चिरून उन्हात खडखडीत वाळवून मग कुरकुरीत तळला नाही, तर डंखावरून (मसाला कांडायच्या गिरणीवरून) आणलेली चटणी श्रावणापर्यंत गोळे धरते आणि वास मारते. इथल्या डिहायड्रेटरमध्ये वाळवला तरी चालतो, आईला सांगू नका इतकंच.

भांड्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. पितळी डबे, तांब्याची घागर, स्टीलची ताटं, यांवर नाव घालण्याची आपल्याकडे रीत. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात, तारीख काय. अनेक घरांत बायकांची नावं एवढ्याच एका ठिकाणी लिहिलेली सापडतात. घासून अक्षरं पुसट झाली असतील तर खोलीत अंधार करून टॉर्च भांड्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा, खाचांत सावली पडून अक्षरं वाचता येतात आणि फोटोही येतो. पॉलिशला किंवा मोडीत देण्याआधी हे करा. वाटणी करताना नुसत्या वजनावर करू नका. आईच्या नावाची घागर कुणाला हवी, हे आधी विचारा.

शेवटी कागद, थोडक्यात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्मतः समान हिस्सा आहे. महाराष्ट्रात 1994 पासून, देशभर हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये त्यावर स्पष्ट शिक्कामोर्तब केलं. तरी हक्कसोडपत्राची गोष्ट बहिणीला बहुधा फोनवर कळते, तीही सही कुठे करायची एवढीच. तिने हक्क ठेवायचा का सोडायचा, तिचा प्रश्न. पण मिळकत पत्रिकेची, सातबाऱ्याची प्रत सगळ्या भावंडांकडे आधी गेलेली असावी आणि बोलणं समोरासमोर व्हावं. इथून कुलमुखत्यारपत्र पाठवणार असाल तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं, वकिलाला आधीच कळवून ठेवा.

दिवाळीला जे जाताहेत त्यांच्या हाती पंधरा दिवस असले तरी मोकळे मिळतात दोन-तीनच. पहिला थोरल्यांच्या रेकॉर्डिंगला द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी कॅसेटी दुकानात टाका, म्हणजे परतायच्या आत हातात पडतील. फोटोंचे अल्बम जमेल तेवढे करा, उरलेले कोल्हापुरातल्या भावंडावर सोडा आणि नावं लिहायचं काम तुम्ही इकडून करा. भांडी पुढच्या खेपेला.