पाठवणारा नक्की कोण?

ऑगस्ट १९८२. जॉन पोस्टेल यांनी मेल पोचवण्याचे नियम लिहिले: एसएमटीपी. एक सर्व्हर सांगतो, ‘हा मेल अमक्याकडून’, दुसरा ते ऐकून घेतो. पुरावा मागायची सोयच नव्हती. तेव्हाच्या नेटवर्कवर मुख्यतः विद्यापीठं, संशोधनसंस्था आणि लष्करी कार्यालयं. संशय घ्यायचा कुणावर?

तुमच्या बँकेच्या नावाने येणारा बनावट मेल आजही याच भोळेपणावर जगतो.

पहिला उपाय एसपीएफ. डोमेनच्या, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या, मालकाने डीएनएसमध्ये (डोमेनांच्या जाहीर नोंदवहीत) यादी लावायची: आमच्या नावाने मेल पाठवायची मुभा फक्त या सर्व्हरना. छान. पण मेलवर पाठवणाऱ्याचे पत्ते दोन असतात. एक लिफाफ्यावरचा, सर्व्हर एकमेकांना सांगतात तो. दुसरा आतल्या पत्रावरचा, आपल्याला स्क्रीनवर दिसतो तो. एसपीएफ तपासतं लिफाफा. म्हणजे भामट्याने लिफाफ्यावर स्वतःचं डोमेन घातलं आणि आत बँकेचं, तरी एसपीएफ पास!

२००७ साली डीकेआयएम आलं. याहू आणि सिस्को यांच्या दोन योजना एकत्र करून. यात मेल निघतानाच सर्व्हर त्यावर डिजिटल सही करतो. सही केलेला मजकूर वाटेत बदलला, तर ती जुळत नाही. पण सही कोणत्याही डोमेनची चालते, भामट्याच्या स्वतःच्याही.

ही फट बुजवली डीमार्कने, २०१२ मध्ये. दिसणारं डोमेन लिफाफ्याशी किंवा सहीशी जुळलंच पाहिजे. नाही जुळलं तर काय करायचं, तेही मालकच सांगतो: नन (काहीच करू नका), क्वारंटाइन (संशयित म्हणून बाजूला टाका) किंवा रिजेक्ट (घेऊच नका).

अनेक जण ‘नन’वरच थांबतात. नुसता आळस नाही हा. पगाराच्या स्लिपा पाठवणारी एजन्सी, जाहिरातीचं सॉफ्टवेअर, कोपऱ्यातला विसरलेला सर्व्हर. सगळे आपल्याच नावाने मेल पाठवत असतात, घाईने रिजेक्ट लावलं तर त्यांचेही मेल अडतील. आपल्या नावाने कुठून मेल आले हे मेल घेणारे सर्व्हर मालकाला कळवतात, ते डीमार्कचे रिपोर्ट नेटाने वाचले, की हे एकेक सापडतात. मगच रिजेक्ट लावायची हिंमत होते.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,०००हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे झाले.

मग स्पॅम थांबला? नाही. स्पॅमवालाही नवं डोमेन घेऊन तिन्ही नीट लावतो. पण आता तक्रारी त्याच्याच डोमेनच्या नावावर चढतात, आणि गुगलच्या नियमात त्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं.