कोरा राहिलेला कागद

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यातल्या भूकंप-वेधशाळेत मी नोकरी केली. आमचा दिवस उजाडायचा तो डार्करूममध्ये. तळघरातल्या ड्रमवर चोवीस तास फिरलेला फोटोचा कागद उतरवायचा, त्या जागी नवा चढवायचा आणि जुना घेऊन आत जायचं. तांबडा मिणमिणता दिवा, ओळीने मांडलेले ट्रे, नाकात बसलेला डेव्हलपरचा वास. कागद बुडवून हलवत राहिलं की थोड्या वेळात पांढऱ्यावर काळ्या बारीक रेषा उमटायच्या, एकीखाली एक, वहीच्या ओळींसारख्या. बहुतेक दिवशी त्या सरळ असायच्या. मधेच एखादी ओळ थरथरलेली दिसली की हात थांबायचा. जगात कुठेतरी जमीन हलली होती, आणि तिचा निरोप दगडामातीतून प्रवास करत पुण्यापर्यंत पोचला होता.

मग पट्टी घेऊन बसायचं. त्या कागदावर साठ मिलिमीटर म्हणजे एक मिनिट, म्हणजे एक मिलिमीटरला एक सेकंद. भूकंपाच्या लहरी दोन तऱ्हेच्या. एक वेगाने धावणारी, तिला आम्ही ‘पी’ म्हणायचो. दुसरी मागून येणारी, पण जास्त जोरकस, ती ‘एस’. वीज आधी चमकते आणि गडगडाट मागून येतो, तसंच हे. वीज आणि गडगडाट यांच्यामधली सेकंदं मोजून पोरं सांगतात ना, वीज किती लांब पडली, तोच हिशोब आमचा. जवळच्या भूकंपात ‘पी’ आणि ‘एस’ यांमधली सेकंदं मोजा आणि ढोबळमानाने आठाने गुणा, तितके किलोमीटर अंतर. वीस सेकंद असतील तर साधारण एकशे साठ किलोमीटर.

पण अंतर कळलं म्हणून दिशा नीट कळत नाही. पुण्यापासून एकशे साठ किलोमीटरवर तर अख्खं वर्तुळ निघतं. दुसऱ्या ठिकाणच्या वेधशाळेचं वर्तुळ लागतं, तिसरीचं लागतं, आणि तिन्ही जिथे एकमेकांना छेदतात तिथे भूकंपाचं केंद्र. एकट्याने होणारं हे कामच नाही. देशादेशांत भांडणं असोत, भूकंपाच्या नोंदी सीमा ओलांडून जातात, त्याचं मूळ या भूमितीत आहे.

याची सुरुवात मोठी विलक्षण आहे. 1889 च्या एप्रिलमध्ये जर्मनीत पॉट्सडॅमला फॉन रेबॉयर-पाश्विट्झ नावाचा एक शास्त्रज्ञ अतिशय नाजूक लोलक लावून बसला होता. त्याला भूकंपाशी काही देणंघेणं नव्हतं. सूर्यचंद्राच्या ओढीने लोलक किती कलतो, ते त्याला मोजायचं होतं. 17 एप्रिलला लोलकाने विचित्र नोंद केली. पुढे त्याने वाचलं की त्याच सुमारास जपानमध्ये भूकंप झाला होता. जपानची जमीन हलली आणि जर्मनीतला लोलक डोलला! जॉन मिल्न या इंग्रज शास्त्रज्ञाने जपानमध्ये बरीच वर्षं भूकंपांचा अभ्यास केला होता. इंग्लंडला परतल्यावर त्याने आपली यंत्रं जगभर बसवून घेतली आणि सगळीकडच्या नोंदी एका ठिकाणी गोळा करायला लागला. 1897 च्या आसाममधल्या महाभूकंपानंतर आपल्याकडेही जाग आली. 1898 मध्ये कोलकात्याच्या अलिपूरला देशातली पहिली भूकंप-वेधशाळा सुरू झाली आणि पाठोपाठ मुंबईत कुलाब्याला यंत्र आलं.

कुलाब्याची एक गंमत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पावसाळा आला की आमच्या कागदावरच्या रेषा जाड व्हायच्या. भूकंप नाही, काही नाही, पण रेघ सतत बारीक कापत असायची, पाच-सात सेकंदांच्या संथ लयीत. अरबी समुद्र खवळला की लाटांचा मार जमिनीत उतरतो आणि आत शेकडो किलोमीटर जातो. कुलाबा वेधशाळेचे संचालक एस. के. बॅनर्जी यांनी यावर काम केलं आणि 1930 मध्ये ते प्रसिद्ध झालं. समुद्रातल्या वादळाचा जमिनीच्या या कापऱ्याशी संबंध त्यांनी लावून दाखवला. भूकंपाच्या कागदावर मान्सून वाचायचा! हेच बॅनर्जी पुढे हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. आषाढात तो जाड झालेला कागद हातात आला की दर वेळी मला अंगावर शहारा यायचा.

1960 च्या दशकात अमेरिकेने जगभर एकसारख्या यंत्रांची साखळी उभारली, साधारण सव्वाशे केंद्रांची. पुणे त्यातलं एक. हेतू शुद्ध विज्ञानाचा होता असं नाही. जमिनीखाली कोण अणुस्फोट करतंय, ते ओळखायचं होतं. पण त्या भीतीपोटी जमा झालेल्या नोंदींतून पृथ्वीच्या पाठीवरचे भूकंपांचे पट्टे पहिल्यांदा स्पष्ट दिसले, आणि भूखंड सरकतात या कल्पनेला भक्कम आधार मिळाला. सगळ्या केंद्रांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत, नाहीतर वर्तुळं छेदणारच नाहीत. त्यासाठी आम्ही रेडिओवरचे वेळेचे संकेत ऐकायचो. कानाला हेडफोन आणि त्यात येणारी टिक, टिक, टिक. आज ते काम उपग्रह करतात, आणि कागदही गेला. आता संगणकाच्या पडद्यावर क्षणाक्षणाला जगभरच्या रेघा सरकतात. नीट जागा ठरवता येतील असे वर्षाला वीसेक हजार भूकंप होतात, म्हणजे रोज पन्नासाहून जास्त. सातच्या वर तीव्रतेचे वर्षाला पंधराएक.

आता त्या कोऱ्या कागदाबद्दल. आमच्या यंत्रात प्रकाशाचा एक ठिपका कागदावर रेघ ओढायचा. जवळ मोठा भूकंप झाला की ठिपका इतक्या वेगाने पळायचा की कागदाला प्रकाश पुरायचाच नाही. बारीकसारीक थरथर ठळक उमटायची आणि सगळ्यात मोठ्या हादऱ्याच्या जागी कागद कोरा राहायचा. 30 सप्टेंबर 1993 ला मी ट्रेमधून असा एक कागद बाहेर काढला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जनाच्या मिरवणुकांची रात्र. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली होती. तीव्रता 6.2. जगाच्या हिशोबात हा काही महाभूकंप नव्हे. पण किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत जवळपास दहा हजार माणसं गेली. जाडजूड दगडी भिंती, सांध्यांत नुसती माती आणि वर माळवदाचं मणामणाचं ओझं. माणसं झोपेतच त्याखाली गेली.

त्यानंतर अनेक वर्षं मला एकच प्रश्न विचारला गेला. लग्नात, एसटीत, सगळीकडे. “साहेब, आदल्या वर्षी तिथे धक्के बसत होते ना? मग तुम्ही सांगितलं का नाही?”

हो, बसत होते. 1992 च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारीच्या लोकांनी धक्के अनुभवले होते, नोंदीही झाल्या होत्या. पण असे धक्के आपल्या देशात कितीतरी गावांना बसतात आणि विरून जातात. शंभरातलं कुठलं एक गाव पुढे कोसळणार, ते ओळखायची खूण आजही कुणाच्या हाती नाही. चीनमध्ये 1975 च्या फेब्रुवारीत हायचेंगला छोटे धक्के वाढत गेले, लोकांना घराबाहेर काढलं, भूकंप झाला आणि हजारो जीव वाचले. जगाला वाटलं, सापडली किल्ली. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये तांगशानला कसलाही इशारा न मिळता भूकंप आला आणि सरकारी आकड्याप्रमाणे 2 लाख 42 हजार माणसं गेली. म्हणून उद्या दुपारी तीनला भूकंप होणार, असा मेसेज तुमच्या फोनवर आला, तर तो खोटा आहे. कुणीही पाठवलेला असो. तो पुढे ढकलू नका, हात जोडून सांगतो.

वेळेआधी इशारा देता येतो तो वेगळ्या अर्थाने, भूकंप सुरू झाल्यावर. मेक्सिको सिटीत 1985 साली हजारो माणसं दगावली. तो भूकंप दूर किनाऱ्याकडे झाला होता, तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवर. मग 1991 मध्ये त्यांनी किनाऱ्यावर यंत्रं लावली. तिथे जमीन हलली की यंत्र रेडिओवरून शहराला कळवतं. नुकसान करणारी ‘एस’ लहर सेकंदाला तीन-साडेतीन किलोमीटर धावते आणि रेडिओ लहर तीन लाख किलोमीटर. त्या फरकात शहराला मिनिटभर मिळतं. मिनिटात जिना उतरता येतो, गॅस बंद करता येतो, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला हात थांबवता येतो. पण 19 सप्टेंबर 2017 ला भूकंप शहराच्या जवळ झाला, सव्वाशे किलोमीटरवर, तेव्हा भोंगे वाजेपर्यंत जमीन हलू लागली होती. त्याच सकाळी अकराला शहराने 1985 च्या आठवणीत कवायत केली होती. दोन-सव्वादोन तासांनी खरोखरचा भूकंप. केंद्र जवळ असेल तर यंत्र कितीही चांगलं असो, हातात वेळ उरत नाही. किल्लारीला तो उरला नसता. कोयनानगरलाही नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे धक्का बसला तो लोकांच्या पायाखालीच.

ज्वालामुखीचा स्वभाव मात्र निराळा. तो बहुतेक वेळा आधी सांगतो. तप्त शिलारस वर चढताना खडक फोडत येतो, त्याचे शेकडो बारीक भूकंप होतात. डोंगराचं पोट फुगतं. हे फुगणं आता उपग्रहांवरूनही मोजता येतं, अगदी सेंटिमीटरच्या हिशोबात. गंधकाचा वायू बाहेर पडू लागतो. आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा, त्याची भीती आता नाही. भारताचा एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानात बॅरन बेटावर आहे, आणि तिथे वस्ती नाही. पण जगात लाखो माणसं अशा डोंगरांच्या कुशीत शेती करून राहतात, कारण ती राखेची जमीन सुपीक असते.

कोलंबियात नेवादो देल रुइस हा बर्फाच्छादित डोंगर 1985 मध्ये वर्षभर कुरबुरत होता. ऑक्टोबरमध्ये शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा काढला. चिखलाचा लोंढा कुठून येईल ते त्यावर दाखवलेलं होतं, आणि आर्मेरो हे गाव त्या वाटेवर होतं. 13 नोव्हेंबरला गावात राख पडू लागली. स्थानिक रेडिओवरून आणि चर्चच्या भोंग्यावरून लोकांना सांगितलं गेलं, घाबरू नका, घरातच थांबा. रात्री नऊनंतर उद्रेक झाला, बर्फ वितळलं, आणि तो चिखल सत्तरएक किलोमीटर वाहत साडेअकराच्या सुमारास आर्मेरोत शिरला. मधे दोन तास होते. उंच जागा चालत जाण्याइतकी जवळ होती. तेवीस हजार माणसं गेली.

श्रोतेहो, मी आत्ता तुमच्याशी माइकवरून बोलतोय. आर्मेरोच्या त्या संध्याकाळी माइकसमोर बसलेला माणूस वाईट नसणार. लोकांची धावपळ, चेंगराचेंगरी होऊ नये, एवढंच त्याच्या मनात असेल. पण कुणीतरी त्याच्यापर्यंत जाऊन, नकाशा समोर ठेवून, त्याच्या भाषेत सांगायला हवं होतं. ते घडलं नाही. माझ्या मनातून ही गोष्ट जात नाही.

सहा वर्षांनी फिलिपिन्समध्ये पिनातुबो जागा झाला. जवळपास पाचशे वर्षं झोपलेला डोंगर, उतारावर आएता आदिवासींची वस्ती. 1991 च्या एप्रिलमध्ये वाफ उसळलेली पहिल्यांदा त्यांनी पाहिली, आणि त्यांच्यात काम करणाऱ्या एका ननने ती खबर शास्त्रज्ञांपर्यंत नेली. तिथल्या ज्वालामुखी संस्थेने यंत्रं लावली तर पहिल्याच दिवशी दोनशेहून अधिक बारीक भूकंप. अमेरिकेहून मदतीला पथक आलं. आर्मेरोनंतर मुद्दाम उभं केलेलं पथक होतं ते. मे महिन्यात गंधकाचा वायू दहापट वाढला.

पण अधिकाऱ्यांना पटेना. शांत हिरवा डोंगर, त्यासाठी हजारो लोक कसे हलवायचे? तेव्हा कामाला आलं मॉरीस आणि कातिया क्राफ्ट या फ्रेंच नवरा-बायकोचं चित्रण. उद्रेकांच्या जवळ जाऊन त्यांनी ते घेतलं होतं. तप्त राखेचे ढग, चिखलाचे लोंढे, उद्ध्वस्त आर्मेरोही. शास्त्रज्ञांनी ते अधिकाऱ्यांना दाखवलं, शाळांत दाखवलं, गावागावांत दाखवलं. आकड्यांनी जे पटलं नव्हतं ते पडद्यावर पाहून पटलं. धोक्याची पातळी तीन, मग चार, मग पाच. माणसं निघाली. 15 जूनला विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला, आणि त्याच दिवशी चक्रीवादळही येऊन धडकलं. पावसाने जड झालेल्या राखेखाली छपरं कोसळून शेकडो माणसं गेली, हेही सांगायला हवं. पण निदान पाच हजार जीव वाचले.

हे वाचलेले जीव क्राफ्ट दांपत्याला पाहता आले नाहीत. 3 जूनला जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर चित्रण करताना दोघंही तप्त राखेच्या लोटात सापडले होते.

आता तुमच्याकडे एक मागणं. यंत्र जमिनीचं हलणं मोजतं, पण तुमच्या गावात नेमकं काय झालं ते त्याला दिसत नाही. पूर्वी धक्क्यानंतर आमच्याकडे पोस्टकार्डं यायची. “देवघरातली घंटी आपोआप वाजली.” “फडताळातली भांडी खाली आली, पण भिंतीला तडा नाही.” त्या पोस्टकार्डांवरून आम्ही नकाशा रंगवायचो, कुठे जोर जास्त, कुठे कमी. आता हे दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राला फोनवरून कळवता येतं. तेव्हा धक्का जाणवला तर आधी डोकं सांभाळा, मजबूत टेबलाखाली बसा. हादरे थांबले की मोकळ्या जागी या आणि घड्याळ बघा. कुठल्या मजल्यावर होतात, टांगलेला दिवा किती हलला, कपाट सरकलं का, ते त्याच दिवशी लिहून पाठवा. जिथे आमचा कागद कोरा राहतो, तिथलं तुम्हीच सांगू शकता.

नमस्कार.