पाचपट पैसे, किती पट फ्रेम?

(टेबलावर शेजारी शेजारी दोन ग्राफिक्स कार्डं. बाजूला वजनकाटा.)

डावीकडचं आरटीएक्स ४०९०. काट्यावर ठेवलं की आकडा दोन किलोच्या पुढे जातो. लांबी ३०४ मिलिमीटर, आणि जाडी इतकी की कॅबिनेटमधल्या तीन स्लॉटची जागा एकटंच अडवतं. उजवीकडचं आरटीएक्स ४०६०. हे एका हातात सहज धरता येतं. दोन्ही एनव्हिडियाची, दोन्ही एकाच पिढीची. पहिलं बाजारात आलं ऑक्टोबर २०२२ मध्ये, दुसरं जून २०२३ मध्ये. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत पहिल्याची १,५९९ डॉलर आणि दुसऱ्याची २९९.

पाचपटीहून थोडं जास्तच. हा पाच लक्षात असू द्या. फ्रेम, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, तीही पाचपट होतात का, ते बघू.

(लॅमिंग्टन रोड. पाट्या, हातगाड्या, खोक्यांच्या थप्प्या.)

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला उतरलं की जवळच हा रस्ता. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण पीसी जोडायला निघालेला माणूस ‘लॅमिंग्टनला’ जातो. इथल्या काउंटरवर विचारलं जातं ते एवढंच, की हे कार्ड घेतलं तर गेम कसा पळेल? खोक्यावर छापलेल्या आकड्यांतून ते कळत नाही. म्हणून आम्ही कार्डं उघडली.

(स्क्रू निघतात. हीटसिंक सुटतो. करडी पेस्ट पुसली जाते.)

आता सावकाश बघा. मधोमध चकाकणारा चौकोन आहे, तीच चिप. बाकी सगळा पसारा, पंखे, तांब्या-ॲल्युमिनियमचे पापुद्रे, हा फक्त तिला थंड ठेवण्यासाठी. ४०९०ची चिप सुमारे ६०८ चौरस मिलिमीटर. तिच्यात ७,६३० कोटी ट्रान्झिस्टर. ४०६०ची चिप १५९ चौरस मिलिमीटरच्या आसपास, ट्रान्झिस्टर १,८९० कोटी. दोन्ही तैवानच्या टीएसएमसीत बनलेल्या. चिपा ज्या गोल चकतीवर बनतात ती ठरलेल्या मापाची, ३०० मिलिमीटर व्यासाची. चिप जितकी मोठी, तितक्या कमी एका चकतीत बसतात, आणि तितकीच तिच्यात कुठेतरी दोष निघण्याची शक्यता वाढते. म्हणूनच ४०९०मध्येसुद्धा अख्खी चिप चालू नसते. मूळ आराखड्यात १८,४३२ कोर, म्हणजे आकडेमोड करणारे छोटे भाग आहेत, त्यातले १६,३८४ चालू ठेवून बाकीचे बंद केलेले असतात. लाख रुपयांच्या वरचं कार्ड, आणि तेही पूर्ण नाही! ४०६०मध्ये ३,०७२ कोर, आणि ते तिच्या चिपेवरचे सगळेच्या सगळे.

भागून बघा. १६,३८४ भागिले ३,०७२. पुन्हा पाचाच्या थोडं वर. किंमत पाचपट, कोर पाचपट. इथपर्यंत हिशोब चोख आहे.

(कॅमेरा चिपेभोवती फिरतो. काळ्या वड्या एकेक मोजल्या जातात.)

भोवतालच्या या काळ्या वड्या म्हणजे मेमरी. ४०९०वर बारा, ४०६०वर चार. प्रत्येकीची क्षमता २ जीबी. म्हणून ४०९०वर २४ जीबी आणि ४०६०वर ८. प्रत्येक वडीतून चिपेकडे ३२ बिटांची वाट जाते. बारांची मिळून ३८४, चारांची १२८. त्यात ४०९०ची मेमरी जास्त वेगाची. सेकंदाला १,००८ जीबी माहिती तिच्यातून धावते, ४०६०मध्ये २७२.

(दोन्ही कार्डं एकाच पीसीत आळीपाळीने. फुल एचडी मॉनिटर.)

आता खेळ. प्रोसेसर, म्हणजे पीसीची मुख्य चिप, तोच, मॉनिटर तोच, सेटिंग तीच. फक्त कार्ड बदलतं. आधी ४०६०. डाव्या कोपऱ्यात कार्डाचा वापर दिसतोय, शंभराला टेकलेला. कार्ड जीव तोडून काम करतंय आणि गेम मऊ पळतोय.

आता ४०९०. फ्रेम वाढल्या, वाढणारच. पण पाचपट? जवळपासही नाही. आणि कोपऱ्यात पाहा, कार्डाचा वापर शंभरावरून खाली घसरलाय. ते मोकळं बसलंय. कारण प्रत्येक फ्रेममध्ये कोण कुठे उभं आहे, काय हललं, काय फुटलं, हे आधी प्रोसेसर ठरवतो आणि मग कार्डाला चित्र काढायला सांगतो. पंगतीत वाढपी पाच उभे केले, पण आत पोळ्या लाटणारी एकटीच असेल, तर पानं रिकामीच राहायची.

त्यात मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल, तर सेकंदाला साठापेक्षा जास्त चित्रं तो दाखवूच शकत नाही. आपल्याकडे घराघरांत अजून असेच मॉनिटर आहेत. त्यासमोर ४०९० लावणं म्हणजे शुद्ध हौस.

(मॉनिटर बदलला जातो. फोर-के.)

हौशीचं चीज होतं ते इथे. फुल एचडीत २०,७३,६०० पिक्सेल, फोर-केत ८२,९४,४००. बरोब्बर चौपट. आता ओझं प्रोसेसरवरून कार्डावर येतं. ४०६० अडखळायला लागतं. गाडी वळते तेव्हा रस्ता झटक्याझटक्याने सरकतोय, बघा. ४०९०वर तोच रस्ता अखंड. दोघांतलं अंतर इथे खरोखर फाकतं. तरीही पाचपट होत नाही.

पाथ ट्रेसिंग चालू केलं, म्हणजे प्रकाशाचा प्रत्येक किरण हिशोबाने सोडला, की हेच ४०९० ‘सायबरपंक २०७७’ या गेममध्ये फोर-केवर तीस फ्रेमही टिकवत नाही. मग डीएलएसएस या एनव्हिडियाच्या तंत्राचा टेकू. चित्र लहान काढायचं आणि फुगवून मोठं दाखवायचं. वर फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये एक रचलेली. कोपऱ्यातला आकडा टुणकन वर जातो. पण माउस हलवल्यावर प्रतिसाद त्याने लवकर येत नाही, कारण रचलेल्या फ्रेमला तुमचा हात कळत नाही. जाहिरातीतल्या फ्रेमांच्या आलेखांचे उंच खांब बघताना एवढं ध्यानात ठेवावं. आणि हा टेकू ४०६०लाही मिळतो.

(भिंतीतल्या सॉकेटवर वीजमापक.)

४०९०ची मर्यादा ४५० वॅट, ४०६०ची ११५. दोन्ही पूर्ण ताणावर तीन तास चालली, तर नुसत्या फरकाचा एक युनिट होतो. ४०९०साठी एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, तोसुद्धा ८५० वॅटचा घ्यायला कंपनीच सांगते. ४०६०ला ५५० पुरतो. कार्डाच्या किमतीत हे धरलेलं नसतं.

४०९०चा सोळा पिनांचा कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी २०२२मध्ये आल्या होत्या. प्लग पूर्ण आत न बसणं हे मुख्य कारण, असं कंपनीने सांगितलं.

४०६०ची ८ जीबी मेमरी काही नव्या गेमना कमी पडते, तिथे टेक्श्चरची, म्हणजे पृष्ठभागांवरच्या बारकाव्यांची, सेटिंग उतरवावी लागते. ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरवर किंवा एआय मॉडेलवर ज्यांचं पोट आहे, त्यांना २४ जीबी कामी येते.

(पुन्हा लॅमिंग्टन रोड. शोकेसमध्ये नवी खोकी.)

२०२५मध्ये पुढची पिढी आली. आरटीएक्स ५०९०, १,९९९ डॉलर, २१,७६० कोर, ५७५ वॅट. आरटीएक्स ५०६०, २९९ डॉलर, ३,८४० कोर. किमतीतलं अंतर आता साडेसहापटीच्या पुढे, कोरांतलं पावणेसहाच्या आत. वरच्या कार्डाची मेमरी २४ची ३२ जीबी झाली. खालच्याची ८ होती, ८च ठेवली.