पट्टा पोटाखालून घ्या

श्रोतेहो, नमस्कार.

गरोदर बाई गाडीत बसली की घरचंच कुणीतरी काळजीनं म्हणतं, "पट्टा नको लावूस, पोटावर दाब येईल." सल्ला मायेचा आहे, पण तो ऐकू नका.

गाडी धडकली की गाडी थांबते, आतली माणसं थांबत नाहीत. पट्टा नसेल तर पोट थेट स्टिअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर आदळतं. मागे बसलेल्या बाईचं पुढच्या सीटच्या पाठीवर. पोटातल्या बाळाला वेगळा पट्टा बांधता येत नाही. आईला जे धरून ठेवतं, तेच त्यालाही.

1959 साली व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी कंबर आणि खांदा दोन्ही धरणारा पट्टा आणला. गरोदरपणातही तोच वापरायचा, फक्त नीट बसवून. खालची पट्टी पोटावरून नाही, पोटाच्या खालून, ओटीपोटाच्या हाडांवर टेकलेली. वरची पट्टी दोन्ही स्तनांच्या मधून येऊन पोटाच्या बाजूनं खाली जाते. ती काखेखालून घेऊ नका. अंगावर जाड स्वेटर असेल तर पट्टा त्याच्या आतून घ्या, म्हणजे सैल राहणार नाही. सीट मागे सरकवा. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात निदान 25 सेंटीमीटर अंतर हवं. एअरबॅग बंद करू नका. ती पट्ट्याच्या जोडीनंच काम करते. शेवटच्या महिन्यांत हे अंतर राखता येईनासं झालं, तर गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्यावी.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. गर्भाशयाची भिंत स्नायूंची असते, ती ताणते आणि पुन्हा जागेवर येते. वार, म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली नाळेची गादी (प्लॅसेंटा), मात्र तशी लवचिक नसते. जोराच्या धक्क्यानं गर्भाशयाचा आकार क्षणभर बदलतो आणि वार भिंतीपासून सुटू शकते. बाळाला प्राणवायू मिळतो तो या वारेतूनच. अपघातात आई वाचते आणि बाळ दगावतं, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. पोटावर ओरखडासुद्धा नसताना हे होऊ शकतं. रक्त बाहेर न येता आतच साठतं, म्हणून बाईला वाटतं, काही झालं नाही.

म्हणूनच धक्का किरकोळ वाटला, तरी दवाखान्यात जा. पाच महिने उलटले असतील तर डॉक्टर निदान चार तास बाळाच्या ठोक्यांवर आणि गर्भाशयाच्या कळांवर लक्ष ठेवतात. ते चार तास द्या, घरी जायची घाई करू नका. घरी आल्यावरही अंगावरून रक्त किंवा पाणी जाऊ लागलं, पोट दुखू लागलं किंवा कडक झालं, बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी निघा.

अपघाताच्या जागी मदतीला धावणाऱ्यांनो, पोट मोठं असलेल्या बाईला पाठीवर सरळ निजवून ठेवू नका. गर्भाशयाच्या भारानं मोठी रक्तवाहिनी दबते आणि तिचा रक्तदाब उतरतो. तिला डाव्या कुशीवर वळवा. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल तर मात्र ते काम रुग्णवाहिकेतल्या लोकांवर सोडा, आणि ती गरोदर आहे हे त्यांना आधी सांगा.

आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही डॉक्टरांना लगेच सांगा. आईच्या शरीरानं बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवू नयेत, म्हणून अपघातानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी नावाचं इंजेक्शन द्यावं लागू शकतं. रक्तगटाचा कागद गाडीतच ठेवलेला बरा.